हत्ती पुन्हा लपवावा

मी, दिवंगत जोबात्ता सिक्कार्दी यांचा मुलगा नातालिनो, वय चोवीस, अविवाहित, धंदा ट्रकचालक (ट्रक सध्या बंद), राहणार लावारीना, जिल्हा इंपेरिया, लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे, आज रविवार असूनही वाइन घेतलेली नाही आणि हा कागद स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मजकूर आधी पेन्सिलीने लिहून तपासला, मग शाईने उतरवला. जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला माझी आद्याक्षरे आहेत. जिथे ती नसतील ती खाडाखोड माझी नव्हे.

प्रकृती ठीक आहे. कामगार कचेरीच्या डॉक्टरांनी दात पाहिले, छातीवर टकटक केली आणि "खाणीला उत्तम" असा शेरा मारला. मंगळवारी मी मिलानला आणि तिथून इतरांबरोबर बेल्जियमला, कोळशाच्या खाणीत जाणार आहे. करार बारा महिन्यांचा आहे. आमच्या खोऱ्यातून यापूर्वी गेलेल्यांपैकी देल्फीनो मागच्या शरद ऋतूत परत आला, पण पेटीत, आणि पेटी उघडू नये अशी चिठ्ठी वर होती. त्याच्या आईने पेटी हलवून पाहिली. म्हणून मी हे आताच लिहीत आहे. आत्याचे म्हणणे असे की, "चोविसाव्या वर्षी कसलं रे मृत्युपत्र? आधी लग्न कर, मग मर."

अंमलबजावणी आमच्या गावचे फादर ओलिंपिओ यांनी करावी. त्यांना मी तशी विनंती केली आहे आणि त्यांनी, कुरकुर करत का होईना, होकार दिला आहे. कुरकुरीचे कारण सहाव्या कलमात येईल.

कलम १. घर. निम्मे घर माझी आत्या एर्सिलिया सिक्कार्दी हिचे आहेच. माझे निम्मे तिने तहहयात वापरावे, तिच्या पश्चात ते माझी बहीण अर्मिदा हिला मिळावे. स्वयंपाकघराच्या खिडकीची बिजागरी सैल आहे. तिथे नुसता खिळा ठोकू नये, लाकूड बदलावे.

कलम २. स्मशानाच्या वरच्या बाजूची ऑलिव्हची झाडे अर्मिदाला. अट एकच: दर वर्षी पहिल्या घाण्याचे एक घागरभर तेल, गाळलेले, आत्याला बिनबोभाट पोचवावे. ते खाण्यासाठी नाही. कशासाठी ते सातव्या कलमात आहे.

कलम ३. माझे पाने, हातोड्या, जॅक आणि ग्रीस भरायची पिचकारी बेर्तोकाकांना, म्हणजे बार्तोलोमेओ गांदोल्फो यांना. मोठा पाना एका बाजूने झिजला आहे हे त्यांना ठाऊक आहे, कारण तो त्यांनीच झिजवला.

कलम ४. ट्रक. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण पुढे कोणी म्हणेल की ते नुसते लोखंड होते. माझे भावजी तसे आत्ताच म्हणतात.

हा फिआटचा ६३४ एन आहे, बाबांनी १९३३ साली घेतलेला. नावातला एन डिझेलसाठी आहे. तोपर्यंत आमच्या रस्त्यावर एवढा मोठा डिझेलवर चालणारा ट्रक कोणी पाहिला नव्हता. सहा सिलिंडर, आठ लिटरहून मोठे इंजिन, पंचाहत्तर घोड्यांची ताकद. चाके आऱ्यांची, एकेक माझ्या छातीपर्यंत येते. केबिन लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली. मागे झोपायची फळी आमच्या सुताराने बसवली. सगळा देश या ट्रकाला हत्ती म्हणत असे आणि चालही तशीच होती. भरलेला असताना सपाटीवरसुद्धा तो ताशी चाळीस गाठत नसे. पण ओनेल्याच्या बंदरातून तेलाची पिंपे भरून नावा खिंड चढताना तो थांबत नसे. पलीकडून पीठ आणि वाइन घेऊन येताना उतारावर इंजिनच त्याला धरून ठेवी. बाबा म्हणत, "याला घाई कळत नाही, म्हणून याचा भरवसा."

स्टिअरिंग उजवीकडे आहे. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, तरी मोठ्या ट्रकांचे स्टिअरिंगही उजवीकडेच ठेवत, कारण घाटात जाताना नाहीतर येताना दरी उजवीकडे असते आणि चालकाला चाक आणि कडा यांच्यातली जागा स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. याचा तोटा असा की समोरून काय येते ते त्याला दिसत नाही. ते पाहायला डावीकडे दुसरा माणूस लागतो. तो दारातून अर्धा बाहेर वाकतो आणि सांगतो: जा, किंवा थांब. चालकाने त्यावर विश्वास ठेवायचा असतो. बेर्तोकाका दहा वर्षे बाबांच्या डावीकडे बसले. १९४३ च्या वसंतात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि बाबांनी मला डावीकडे बसवले. बेर्तोकाका तेव्हापासून आमच्याशी बोलेनासे झाले. बाजारात समोर आले की ते मेंढ्यांकडे पाहात.

ट्रकाचे पैसे कुठून आले हेही लिहितो. आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी राखलेले वरच्या अंगाचे पायऱ्यांचे शेत होते. ते तिने विकले. बाबांनी नको म्हटले तेव्हा ती म्हणाली, "नवरा केला असता तर तो दारू प्यायला असता. हा डिझेल पिईल, पण पीठ तरी आणेल." मग तिने लग्न केले नाही. ट्रक आला त्या दिवशी तिने त्याच्या नाकावर तेलाचा क्रूस काढला. तो डाग रंगाखाली अजून दिसतो. म्हणून कागदोपत्री ट्रक बाबांचा आणि आता माझा असला, तरी तो मी आत्याचाच समजतो, आणि या मृत्युपत्रात जे काही वाकडे आहे ते त्यामुळे आहे.

कलम ५. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्य खोऱ्यात आले आणि ट्रक उचलून नेऊ लागले. बाबांनी तीन दिवसांत हत्ती सुटा केला. मी आणि तेलाच्या घाण्याचा मालक अमेदेओ हाताखाली होतो. इंजिन काढल्यावर ते हलवायचे कसे हा प्रश्न पडला तेव्हा बेर्तोकाका न बोलावता बैल घेऊन आले. बाबांना म्हणाले, "इंजिन माझ्या गोठ्यात. याचा अर्थ आपलं बोलणं सुरू झालं असा नाही."

बाकीचे भाग घरोघर गेले. चाके अमेदेओच्या घाण्यात, ऑलिव्हच्या चोथ्याच्या ढिगाखाली. रेडिएटर पाववाल्याच्या जुन्या भट्टीत, पुढे विटा रचून. दिवे चर्चमध्ये, संत जॉनच्या मूर्तीच्या चौथऱ्यात. चाकांचा आस पुलाजवळच्या डुकरांच्या खोपटात. डावे दार बेर्तोकाकांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावले. इंधनाचा पंप, म्हणजे जो सहा सिलिंडरना मोजून डिझेल देतो तो, सगळ्यांत नाजूक म्हणून घरात आत्याकडे. बाबांनी तो काळ्या ग्रीसमध्ये माखून, मेणकापडात गुंडाळून दिला.

पुढच्या हिवाळ्यात बाहेरगावच्या कोणीतरी चुगली केली. सैनिक आले. बाबांना विचारले, "ट्रक कुठे आहे?"

"दरीत गेला."

"कुठल्या दरीत? दाखव."

बाबांनी त्यांना खिंडीखालच्या वळणापर्यंत नेले. पुरुषभर बर्फ होता. बाबा खाली बोट करून म्हणाले, "हा इथे. बर्फ वितळला की दिसेल. तेव्हा या."

सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यांनी बाबांच्या फासळ्या मोडल्या आणि त्यांना तिथेच सोडून ते निघून गेले. बेर्तोकाकांनी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणले. ईस्टरच्या आत बाबा वारले. गावात प्रत्येक घराला ठाऊक होते की आपल्याकडे काय आहे, आणि एकाही घराने तोंड उघडले नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढे ज्या वस्तू मी वाटणार आहे त्या लोकांनी आधीच राखलेल्या आहेत.

कलम ६. हे कलम आत्यासमोर वाचू नये. तिला खोलीबाहेर पाठवून उपयोग नाही, ती दाराआडून ऐकेल. म्हणून फादर ओलिंपिओ यांनी या कलमाऐवजी शेवटी चौकटीत दिलेला मजकूर वाचावा, आणि सातव्या-आठव्यातले फक्त काय कोणाला द्यायचे तेवढेच.

खरी गोष्ट अशी. बाबा गेल्यावर आत्याने मेणकापड सोडून पाहिले. पंपावरचे काळे ग्रीस तिला घाण वाटले. भावाची शेवटची ठेव अशी चिखलात ठेवायची तिला लाज वाटली. तिने ते राखेने आणि गरम पाण्याने धुऊन काढले. आमच्याकडे अळंबी तेलात टिकते, मासळी तेलात टिकते, चीज तेलात टिकते. तिने पंप मोठ्या दगडी बरणीत ठेवला आणि वर पहिल्या घाण्याचे ऑलिव्हचे तेल ओतले, पंप बुडेपर्यंत. त्या हिवाळ्यात आम्ही चेस्टनटचे पीठ पाण्यात शिजवून खात होतो. तेलाच्या एका बाटलीला शहरात कोणी पायातले बूट काढून दिले असते. तिने बरणी भरली आणि स्वतः वर्षभर कोरडी भाकर खाल्ली. लढाई संपल्यावर पंप बाहेर काढला, पुसला आणि कपाटावर मांडला. तिथे तो वर्षभर राहिला. पाहुण्यांना ती दाखवी.

पंपाच्या आत सहा दट्टे सहा नळ्यांत खालीवर होतात. दट्टा आणि नळी यांच्यात केसाएवढीही जागा नसते. ऑलिव्हचे तेल जुने झाले की आंबते आणि हवेवर वाळून सरसासारखे होते. आतले पोलाद त्या आंबटपणाने खाल्ले गेले होते आणि दट्टे चिकटले होते. १९४६ मध्ये डाव्या दाराखेरीज सगळे भाग घरोघरून परत आले, हत्ती उभा राहिला, बेर्तोकाकांनी आणि मी पंप बसवला आणि इंजिन फिरवले. आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. आम्ही पंप उघडला. बेर्तोकाका डोळ्याशी धरून बघत राहिले, मग नाकाशी नेला. म्हणाले, "तेल."

मी म्हणालो, "आत्याला काय सांगायचं?"

"पंपाचं नाव काढायचं नाही. इंजिन फुटलं म्हण. गोठ्यात थंडी होती, मी आतलं पाणी काढायला विसरलो, पाण्याचा बर्फ झाला आणि चीर गेली. असं होतं ना? होतं."

"पण काका, तुम्ही पाणी काढलं होतं. माझ्यादेखत."

"तू तेव्हा कुठं काय बघत होतास?"

त्यांनी तेच दुपारी आत्याला सांगितले, टोपी हातात घेऊन. संध्याकाळपर्यंत गावाला खरे काय ते कळले होते आणि रात्रीपर्यंत गावाने ठरवले होते की चीर गेली. इंजिनाला चीर गेलेली नाही. ते आजही निर्दोष आहे. मी तुटलेले दट्टे घेऊन तोरिनोला फिआटकडे दोनदा गेलो. तसा पंप आता मिळत नाही. दुसऱ्या बनावटीचा बसवायचा तर इंजिनाचा पुढचा भाग नवा करावा लागतो. आणि मी तो केला असता, तरी रस्त्यावर आता लष्कराने टाकून दिलेले हलके, वेगवान ट्रक आहेत, त्यांचे चालक आमच्यासारख्यांना हॉर्न देऊन पुढे जातात. हत्तीला माल मिळाला नसता. हे मी समजून चुकलो आहे. म्हणून खाण.

तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर आत्या बेर्तोकाकांना गाठते. "काय हो गांदोल्फो, आज तरी अंगातलं पाणी काढून आलात ना? नाहीतर फुटाल थंडीनं."

"काढलं, एर्सिलियाबाई."

"एवढं धूड गोठ्यात ठेवायला दिलं माझ्या भावानं, आणि याला एक नळ सोडायचं सुचलं नाही! माझ्याकडे पंप होता. येऊन बघा जरा. आरशासारखा आहे. तोंड दिसतं त्यात."

"बघितलाय. चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! आणि दार? ट्रकाचं दार कोंबड्यांना लावून बसलाय. कोंबड्या काय खिंड चढणारेत?"

आजच सकाळीही हे झाले. फादर ओलिंपिओ शेजारी उभे होते आणि आकाशाकडे बघत होते. त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन विचारले, "मेलेल्या माणसाच्या कागदातून मी खोटं वाचायचं? मी?"

मी म्हणालो, "फादर, तुम्ही मी लिहिलेलंच वाचणार. खोटं माझं."

ते म्हणाले, "म्हणजे नरकात तू, आणि वाटेत सोबतीला मी." मग म्हणाले, "अक्षर मोठं काढ. माझा चष्मा जुना आहे."

कलम ७. पंप आत्याला. तो पुन्हा बरणीत ठेवण्यास माझी हरकत नाही. त्याचे आता आणखी काही बिघडणार नाही. दुसऱ्या कलमातील घागरभर तेल दर वर्षी त्यावर घालण्यासाठी आहे. अर्मिदाने ते वाया गेले असे समजू नये, निदान तोंडाने म्हणू नये.

कलम ८. ट्रकाचा उरलेला भाग भंगारात विकू नये. भावजींचे म्हणणे की कोरियातल्या लढाईमुळे लोखंडाला चढा भाव आहे आणि तो पुन्हा येणार नाही. ते खरे आहे. तरीही विकू नये. भंगारवाला ट्रक आमच्या अंगणात तोडेल, इंजिनाचे तुकडे करील, आणि आत्या शेजारी उभी राहून चीर शोधील. तिला ती सापडणार नाही. मग ती विचारील, आणि अठरा वर्षांमागे विकलेले शेत, कोरडी भाकर आणि भावाच्या फासळ्या एकाच वेळी तिच्या अंगावर येतील. हे माझ्या जिवंतपणी मी होऊ दिले नाही. माझ्या मागेही होऊ नये.

मार्ग तिनेच सुचवला. मागच्या महिन्यात पाववाल्याकडे रेडिओवर लढाईच्या बातम्या ऐकून ती घरी आली आणि म्हणाली, "नातालिनो, पुन्हा पेटलं वाटतं. हत्ती लपवून ठेव बघू. या खेपेला इंजिन त्या आंधळ्याकडे देऊ नकोस."

तेव्हा माझ्या मृत्यूची बातमी येताच अमेदेओ आणि बेर्तोकाका यांनी ट्रक सुटा करावा आणि प्रत्येक भाग ज्या घराने पूर्वी सांभाळला त्याच घरास कायमचा द्यावा: चाके घाण्यात, रेडिएटर भट्टीत, दिवे संत जॉनच्या पायाशी, आस पुलाजवळ. पाववाल्याने ती भट्टी पुन्हा चालू केली आहे, तर रेडिएटर त्याने कोठेही ठेवावा, पण उघड्यावर नको. आत्याला सांगावे की लढाई येत आहे. ती मला शेवटपर्यंत रडेल, ते टाळता येणार नाही. पण हत्ती घरोघर शाबूत आहे आणि कोणीतरी तो पुढे जोडील, असे तिला वाटत राहावे. तो कोणी जोडणार नाही. हे या कागदात एकदा लिहून ठेवतो, पुन्हा लिहीत नाही.

इंजिन बेर्तोकाकांच्या गोठ्यात. आत्याची हरकत नोंदवली, मान्य केली नाही.

कलम ९. डावे दार. हे दार परत न दिल्याबद्दल मी बेर्तोकाकांवर बरीच वर्षे दात धरून होतो. मला वाटे, जागा गेली त्याचा राग ते दारावर काढत आहेत. गेल्या आठवड्यात निरोप घ्यायला गेलो तेव्हा मी शेवटी विचारलेच. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"इंजिन लागलं की त्या दिवशी आणून बसवणार होतो," ते म्हणाले. "स्वतः. मग बाहेर वाकून एकदा तरी 'जा' म्हणणार होतो. डोळे नाहीत, माहीत आहे. अंगणातल्या अंगणात रे."

दार त्यांना. खुराड्यासकट.

चौकट. (सहाव्या कलमाऐवजी हे वाचावे.) "ट्रक बंद पडण्याचे कारण असे की बार्तोलोमेओ गांदोल्फो यांनी इंजिनातील पाणी काढले नाही व ते थंडीने चिरले. पंप मात्र माझ्या आत्याने उत्तम राखला आहे. त्याच्यासारखा पंप मी दुसरीकडे पाहिला नाही." गांदोल्फो यांची या मजकुरास संमती असून तशी त्यांची सही समासात आहे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रास साक्षीदार लागत नाहीत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे नोटरी म्हणाले. पण मी हे लिहीत असता बेर्तोकाका समासातली सही करायला आले आणि त्यांच्यामागून आत्या, हाताला कोंबडीची पिसे चिकटलेली, आत आली.

"याची सही घेतोस आणि माझी नाही?"

"आत्या, सहीची गरजच नाही."

"त्याची गरज आहे आणि माझी नाही!" तिने हात पुसले, कागद उचलला आणि दूर धरून पाहिला. तिला सहीपुरते लिहिता येते, वाचता येत नाही. "एवढं काय लिहिलंस रे? आमच्याकडे आहे काय एवढं?"

मी तिला कलमे वाचून दाखवली. सहाव्याच्या जागी चौकट वाचली, सातव्यातून पंप आणि तेल तिला एवढेच, आणि आठव्यातून इतकेच वाचले की हत्ती लपवावा. तिने मान डोलावली. मग म्हणाली, "पाणी काढलं नाही ते नीट लिहिलंस ना? नावासकट?"

"नावासकट."

"वाच पुन्हा."

मी पुन्हा वाचले. बेर्तोकाका दारात टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "असू दे लिहिलेलं. पुढच्या पोरांना कळलं पाहिजे."

"तेल मी दर वर्षी बदलीन," आत्या मला म्हणाली. "तू आलास की पंप तयार मिळेल. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही."

गांदोल्फोच्या नावाखाली ती सही करणार नाही असे तिने सांगितल्यामुळे तिचे नाव वर घेतले आहे.

लावारीना, आमच्या स्वयंपाकघरात, रविवार, ११ मार्च १९५१.

सही: नातालिनो सिक्कार्दी

हजर असलेले:

एर्सिलिया सिक्कार्दी. मजकूर वर लिहिल्याप्रमाणे वाचून दाखवला.

बार्तोलोमेओ गांदोल्फो. मजकूर नातालिनोने मला एकट्याला संपूर्ण वाचून दाखवला. पाणी मीच काढले नाही. कबूल.